दम लागणाऱ्यांसाठी व्हीआर चष्मा: गावातल्या दवाखान्यात सुरुवात कशी करायची

सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) पेशंटला व्यायाम सांगायला दोन मिनिटं लागतात, करून घ्यायला दोन महिने. अंगणातून नळापर्यंत गेलं की दम लागतो, दम लागला की जीव घाबरा होतो आणि घाबरलेला माणूस खाट धरतो. खाट धरली की मांड्या वाळतात. वाळलेल्या मांड्यांना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, म्हणून पुढच्या महिन्यात नळही लांब वाटायला लागतो. तोंडाने औषध ओढायच्या पंपाने (इनहेलरने) श्वासनळ्या मोकळ्या होतात, पण गेलेली ताकद पंपाने परत येत नाही. त्यासाठी श्वसन पुनर्वसन लागतं. दवाखान्यात त्याला सगळे ‘रिहॅब’च म्हणतात: आठवड्यातून दोन-तीन दिवस, निदान ६ ते ८ आठवडे, मोजूनमापून केलेला व्यायाम.

व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा, या रिहॅबची जागा घेत नाही. रिहॅबमधला कंटाळा आणि भीती थोडी कमी करतो, इतकंच त्याचं काम. डोळ्यांसमोर तळं असलं, जंगल असलं, एखादा खेळ असला की लक्ष छातीवरून उडतं आणि चार मिनिटांत थकणारा माणूस सहा-सात मिनिटं हात हलवतो. धोकाही नेमका इथेच आहे. दम लागल्याची जाणीव ही शरीराची घंटा असते आणि आपण तीच कापसात गुंडाळून ठेवतो.

हे मला एका काकाजींनी शिकवलं. उभं आयुष्य जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, धुळीत गेलेलं. त्यांना खुर्चीवर बसवून हात वर करून चेंडू पकडायचा खेळ लावला होता. चष्म्यात काय दिसतंय ते टीव्हीवर दिसत होतं, म्हणून मी, सिस्टर आणि काकाजींचा नातू असे तिघंही टीव्हीकडे बघत आकडे मोजत होतो. काकाजी तर रंगातच आले होते. सहज त्यांच्याकडे वळून पाहिलं तर चष्म्याखाली ओठ निळसर झालेले आणि बोटावरच्या ऑक्सिजन मोजायच्या मशीनवर ८३ टक्के. चष्मा काढला, मांडीवर कोपरं टेकवून पुढे वाकून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. दहा मिनिटांनी आकडा ९२ वर आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. काकाजी मात्र नाराज. “कायले काढलं मॅडम? अजून चार चेंडू राह्यले होते नं!” त्यांना दम लागल्याचं कळलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच पक्का नियम आहे. एक माणूस फक्त पेशंटचं बोट आणि ओठ बघतो. टीव्ही बघायची त्याला मनाई. असा दुसरा माणूस हाताशी नसेल तर त्या दिवशी चष्मा पेटीतच राहतो.

आधी माणूस तपासा

गावात दम लागणाऱ्या प्रत्येकाला ‘दमा’च म्हणतात. त्यात खरा दमा असतो, सीओपीडी असते, जुन्या टीबीने खराब झालेलं फुफ्फुस असतं, हृदयाचा आजार असतो आणि नुसती रक्ताची कमीही असते. सीओपीडी म्हणायला स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची तपासणी, हवी: पंप घेतल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरते का, ते त्यात कळतं. सेवाग्राम, सावंगी (दोन्ही वर्ध्याजवळ) किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला ही तपासणी होते. एसटीचा एक दिवस मोडतो, पण तो मोडू द्या. बिडी पीत नाही म्हणून सीओपीडी नसणार, असं धरून चालू नका. माझ्याकडे येणाऱ्या बायांपैकी बहुतेकींनी बिडीला कधी हात लावलेला नाही. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) घरी येतात आणि वर्षभर चुलीत जळतात, तो धूर त्यांनी तीस-तीस वर्षं गिळलाय.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, नेहमीपेक्षा वाढला असेल, सोबत ताप किंवा वजन उतरणं असेल तर आधी बेडक्याची तपासणी. टीबी नाही असं कळेपर्यंत चष्मा लावायचा नाही. तोच चष्मा नंतर दुसऱ्याच्या तोंडावर चढणार आहे, हे विसरू नका.

याशिवाय फिट येणारे, भोवळीचा जुना त्रास असलेले, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, थुंकीतून रक्त पडणारे, डोळे आलेले, कान फुटलेले, हे सगळे चष्म्यातून वगळा. छातीत पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बेडका पिवळा-हिरवा झालाय आणि दम दोन दिवसांत वाढलाय, असा पेशंट आला तर त्याला आधी औषध लागतं, व्यायाम नंतर. बसल्या जागी ऑक्सिजन ८८ च्या खाली, नाडी १२० च्या वर किंवा बीपी १८० च्या वर असेल तर त्या दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

सामान

सगळ्यात स्वस्त म्हणजे फोन घालायचा डबा. गूगलने २०१४ साली कागदी पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला, आणि तशाच धर्तीचे प्लॅस्टिकचे डबे आता काहीशे रुपयांत मिळतात. फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कुठे वळला ते ओळखणारा सेन्सर) हवा, नाहीतर मान वळवली तरी चित्र जागचं हलत नाही. आणि डबा पट्ट्याचाच घ्या. पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांनी डोळ्यांशी धरून ठेवावा लागतो, आणि हात वर धरणं हेच सीओपीडीच्या माणसाला जड जातं. खांद्याचे-मानेचे स्नायू त्याच्या श्वासालाच जुंपलेले असतात. तेच दुसऱ्या कामाला लावले की श्वास उघडा पडतो. केस विंचरताना, दोरीवर लुगडं टाकताना दम लागतो तो यामुळेच.

मेटा क्वेस्टसारखा स्वतंत्र हेडसेट यापेक्षा पुष्कळ चांगला. त्यात हात ओळखले जातात, खेळ खेळता येतात, फोन लागत नाही. पण पैसे एखाद्या बैलाएवढे मोजावे लागतात आणि वजन अर्धा किलो भरतं. मानेने श्वास ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर अर्धा किलो पुढे लटकवणं म्हणजे काय, ते आधी स्वतः वीस मिनिटं लावून बघा. मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली बसवला की भार मागे जातो.

तिसरा मार्ग बहुतेकांना सुचतच नाही: चष्माच नको, टीव्ही लावा. पोलंडमधल्या एका अभ्यासातले (२०२० साली छापून आलेल्या) सीओपीडीचे पेशंट चष्मा घालत नव्हते. ते किनेक्ट नावाच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून पडद्यावरचे खेळ खेळत होते. दोन आठवड्यांनी, नेहमीच्या व्यायामाला खेळांची जोड मिळालेले लोक सहा मिनिटांच्या चालण्यात आणि खुर्चीतून उठण्या-बसण्यात पुढे होते. किनेक्ट आता बनत नाही, पण त्यातली गोष्ट कामाची आहे. उभ्याने किंवा चालत करायचा प्रत्येक व्यायाम मी चष्म्याशिवाय, पडद्यासमोर करून घेते. चष्मा फक्त बसून. साठीच्या माणसाचे डोळे झाकून त्याला उभं करायचं आणि वर पाय हलवायला सांगायचं, हे धाडस माझ्याच्याने होत नाही. खुब्याचं हाड मोडलं तर रिहॅब तिथेच संपतं.

बाकी सामान साधं: हातांची नसलेली घट्ट खुर्ची, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, घड्याळ, वही. कोरोनात घरोघरी आलेली ऑक्सिमीटरं वापरता येतात, सेल तेवढे बदला. नेलपॉलिश असेल तर पुसा, बोट गार असेल तर चोळून गरम करा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर हे मशीन कधी कधी खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवतं, म्हणून ९० आकडा दिसला आणि माणूस बेचैन दिसला, तर माणसावर विश्वास ठेवा.

सुरुवातीचा आकडा लिहून ठेवा

सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते मोजायचं. त्याला ३० मीटरची सपाट, सरळ जागा लागते. आमच्या केंद्रात एवढा व्हरांडा नाही, म्हणून रविवारी जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीत दोन टोकांना खडूने रेघा मारतो. पळवायचं नाही, ‘चला चला’ करायचं नाही, थांबावंसं वाटलं तर थांबू द्यायचं, घड्याळ मात्र चालू. पहिल्यांदा लोक बिचकत चालतात, म्हणून अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पुन्हा एकदा चालवायचं आणि चांगला आकडा धरायचा. दोन महिन्यांनी यात ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तर फरक खरा मानतात.

तेवढी जागाच नसेल तर एका मिनिटात हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. तीन वेळा जास्त जमलं तरी पुष्कळ.

दम मोजायला ० ते १० चं बोर्ग माप आहे. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे जीव जातो की काय असा. आकडे सांगून उपयोग होत नाही, म्हणून मी गावातलीच उदाहरणं देते: ओट्यावर निवांत बसलात तो शून्य, रिकामी घागर घेऊन नळावर गेलात तो दोन, भरलेली घेऊन आलात तो चार, एसटी सुटतेय म्हणून पळालात तो आठ. व्यायाम तीन-चारवर ठेवायचा. चष्मा लावल्यावर हा आकडा दर मिनिटाला तोंडाने विचारायचा, कारण चेहरा अर्धा झाकलेला असतो.

पहिला दिवस

वेळ ठरवताना शेती बघा. कापूस वेचणीच्या हंगामात दुपारी कोणी येत नाही. हिवाळ्यात धुकं आणि शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो, ऊन वर आल्याशिवाय बोलावू नका. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा सकाळी नऊच्या आत आटपा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या.

पंप असेल तर व्यायामाच्या १५-२० मिनिटं आधी तुमच्यासमोर घ्यायला लावा. समोर म्हणते, कारण निम्मा पंप जिभेवर जातो हे तेव्हाच कळतं. आणि तोंडातला खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) थुंकून, चूळ भरून या म्हणावं. गालात खर्रा असलेल्या माणसाला ओठ मिटून श्वास सोडता येत नाही, आणि मध्येच थुंकायची घाई झाली तर चष्म्यासकट उठतो. हे मी उगाच लिहीत नाहीये.

पहिली दहा मिनिटं चष्म्याला हातच लावायचा नाही. श्वास शिकवायचा: नाकाने दोन अंक मोजत आत, ओठांचा चंबू करून चार अंक मोजत बाहेर. एका मावशींना मी ‘फुंका’ म्हटलं, तर त्यांनी चूल पेटवल्यासारखा गाल फुगवून जोर लावला आणि खोकल्याची उबळ आली. तेव्हापासून फुंकणीचं उदाहरण सोडलं. आता म्हणते, बशीतला चहा निववतो तसं, चहा सांडू न देता. हे लगेच जमतं.

मग चष्मा हातात द्या. उलटसुलट बघू द्या. नातवाने आधी लावून दाखवला तर भीती अर्धी जाते (अगदी लहान मुलांना लावू नका, हे चष्मे त्यांच्यासाठी नाहीत). बायांच्या बाबतीत थोडं सांभाळून. डोक्यावरचा पदर, अंबाडा, वर सासरे किंवा जेठ समोर बसलेले. आत वेगळी बसायची सोय करा, चष्मा सिस्टरने किंवा आशाताईने चढवावा, पट्टा अंबाड्याच्या वरून घ्यावा. नंबरचा चष्मा असेल तर आत बसतो का ते बघा. घासला तर दोन्ही काचांवर ओरखडे येतात.

लावण्याआधी एक खूण ठरवा. उजवा हात वर म्हणजे काढा. हात वर झाला की ‘थांबा, एवढं संपू द्या’ म्हणायचं नाही, लगेच काढायचा. पहिल्यांदा तुम्ही एवढा शब्द पाळलात की दुसऱ्यांदा माणूस निर्धास्त येतो.

पहिल्या दिवशी तीन ते पाच मिनिटं, बसून, नुसतं बघणं आणि चहा निववणारा श्वास. तळपाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला. व्यायाम नाही. काढल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून बसवा, पाणी द्या, मळमळ विचारा. उठायची घाई नको.

पुढचे आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून हात घ्या. आधी मांडीच्या पातळीवर, मग छातीच्या, खांद्यावरचे सगळ्यात शेवटी. हात वर जाताना श्वास सोडायचा, खाली येताना घ्यायचा. दोन मिनिटं हात, एक मिनिट आराम, असं चार फेऱ्यांपर्यंत वाढवत न्या. एका वेळी चष्मा दहा-बारा मिनिटांच्या वर नको. चालणं, उठबस, पायांचे व्यायाम चष्मा काढून आणि तेच मुख्य. तासाभराच्या सत्रात चष्म्याचा वाटा पाव भागाहून मोठा झाला तर समजा गाडी रुळावरून उतरली.

ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला, छातीत दुखलं, गरगरलं, एक वाक्य सलग बोलता येईना, की थांबा. पुढे वाकून बसवा आणि मशीनवर नजर ठेवा. पाच-दहा मिनिटांत आकडा वर येत नसेल, ओठ निळे असतील किंवा माणूस झोपाळल्यासारखा वाटत असेल तर वाट न बघता १०८ ला फोन.

घरी ऑक्सिजनचं मशीन असलेल्या पेशंटची नळी चष्म्याच्या पट्ट्याखाली कानामागे दाबली जाते. आधी नळी, मग पट्टा, आणि हवा येतेय ना ते नाकाशी तपासून. नळी खुर्चीच्या मागून घ्या, पायांतून नको. आणि ऑक्सिजनच्या आसपास बिडी-काडी कोणाचीही चालायची नाही, बघायला आलेल्या पाहुण्याची तर नाहीच.

दाखवायचं काय

फुकटचे ३६० अंशांचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण त्यातले बहुतेक परदेशी समुद्र आणि बर्फ. आमच्या एका आजींनी बर्फ बघून स्वेटर मागितला. शक्य असेल तर कोणाकडून तरी ३६० अंशांचा कॅमेरा मागून घ्या आणि आपल्याकडचं चित्रीकरण करा: नवेगावबांधचं तळं, लोणारचं सरोवर, चिखलदऱ्याचा धुक्यातला कडा, शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी. चित्रीकरणाचा एकच नियम: कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर, डोळ्यांच्या उंचीवर. कॅमेरा हलला की डोळ्यांना वाटतं आपण चाललोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, आणि या भांडणात पोट ढवळतं. पालखीही तशीच घ्यायची. कॅमेरा रस्त्याच्या कडेला उभा, वारकरी दोन्ही बाजूंनी पुढे जातायत. जोरात पळणारे, वरून खाली झेपावणारे खेळ म्हाताऱ्या माणसाला कधीच नकोत.

व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा. नेटवर्क ऐन वेळी जातं आणि गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसायला चष्मा लावायची गरज नसते.

ऊन, वीज, साफसफाई

चष्मा खिडकीत, गाडीच्या काचेमागे किंवा अंगणात ठेवू नका. त्यातली भिंगं उन्हाला बिलोरी काचेसारखी एकवटतात आणि आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडतात. चैत्र-वैशाखात बंद खोलीत चार्जिंगलाही लावू नका, तापून बंद पडतो. रात्री वीज असताना चार्ज करून, पेटीत घालून, पेटी खाटेखाली.

तोंडाला लागणारा फोम घामाने दोन दिवसांत वास मारतो. पुसता येईल असं सिलिकॉनचं आवरण घ्या, प्रत्येक पेशंटनंतर ते जंतुनाशकाने पुसून सुकू द्या, आणि वर प्रत्येकाला वेगळा कागदी मुखपट्टा लावा. भिंगांना स्पिरिट लावायचं नाही, कोरड्या मऊ कापडानेच पुसायची. सर्दी-तापाचा पेशंट त्या दिवशी टीव्हीवर.

वहीत दर खेपेला एकच ओळ: तारीख, सुरुवातीचा आणि सगळ्यात खाली गेलेला ऑक्सिजन, नाडी, बोर्गचा आकडा, चष्म्याची मिनिटं, चालण्याची मिनिटं. आठव्या आठवड्यात पुन्हा शाळेची ओसरी आणि खडूच्या रेघा. रिहॅब थांबलं की कमावलेलं काही महिन्यांत ओसरतं, म्हणून शेवटच्या महिन्यातच घरचा रस्ता ठरवून द्या: घर ते पार, पार ते मारुतीचं देऊळ, मग वावराचा धुरा (शेताचा बांध). सोबतीला कोण, तेही नावानिशी वहीत लिहा.

त्या काकाजींना आता चष्मा लागत नाही. आठवड्यातून एकदा ते मुद्दाम केंद्रावर येतात, पंप दाखवतात, बोट पुढे करतात आणि निघताना पेटीकडे बोट दाखवून विचारतात, “ते चार चेंडू कवा देता मॅडम?”